संकल्पसिद्धीची शास्त्रोक्त नगरी पद्धत

नियम पहिला: चालायला लागण्याआधी खरेदी करू नये.

नगरचा संकल्पवीर नेमके उलटे करतो. पाडव्याला तो कळसूबाई सर करण्याची घोषणा करतो. 1646 मीटर, राज्यातले सर्वांत उंच शिखर. त्याहून खालचे काही त्याच्या मनात भरतच नाही. अकोले तालुक्यातल्या बारी गावातून वाट आहे, अवघड कड्यांना लोखंडी शिड्या आहेत, एकेक पायरी चढले की माथा येतो. पण कापड बाजारातून ट्रॅकसूट येतो, त्याचा फोटो ग्रुपवर पडतो आणि भुईकोट किल्ल्याभोवती दोन फेऱ्या होताच गुडघा बोलू लागतो.

नियम दुसरा: सुरुवात फोटो काढण्याजोगी नसावी.

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण घ्यावे. पट्टा दुष्काळी, माणसे कामासाठी गाव सोडून गेलेली. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गाव पालटायचे हे ध्येय काही लहान नव्हते, पण कामे निघाली ती श्रमदानाची, किरकोळ दिसणारी: डोंगरउतारावर समतल चर, बांधबंदिस्ती, झाडे, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. चरात अडलेले पाणी मुरायला आणि विहिरीत दिसायला वेळ लागतो. संकल्पवीराला नेमका हाच मधला काळ सोसवत नाही. तो रोज सकाळी वजनकाट्यावर चढतो आणि काट्यालाच दोष देतो.

नियम तिसरा: पाऊस पाहून पेरावे.

हा नियम मात्र खरोखर शिकण्याजोगा. हिवरे बाजारात पाऊस मोजतात आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसांचे आणि जनावरांचे पिणे, मग उरेल त्यावर पिके. उसासारख्या तहानलेल्या पिकाला थारा नाही, शेतीसाठी बोअर नाही. पाऊस कमी झाला तर पेरा कमी होतो. गाव सुधारण्याचे काम कोणी गुंडाळत नाही. संकल्पवीराच्या घरी एक लग्न निघाले, चार पुरणपोळ्या पोटात गेल्या, की सगळा बेत थेट पुढच्या पाडव्यावर! अहो, त्या दिवशी अर्धी फेरी मारा की. कोणी अडवलंय?

नियम चौथा: हिशेब चारचौघांत द्यावा. ग्रामसभा नसेल तर कट्टा चालेल.

नियम पाचवा: मुदत लांबची धरावी. पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली ती 2020 मध्ये, सरपंच झाल्यावर 31 वर्षांनी. महिन्याभरात सपाट पोट हवे असणाऱ्यांनी दुसरा मार्गदर्शक गाठावा.