घरचंच कार्य

‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’ पाहून बाहेर पडलेला चाहता छातीठोकपणे सांगतो, सगळं अगदी जसं घडलं तसं दाखवलंय. का नाही दाखवणार? एका रॅप गटाची कहाणी सांगणाऱ्या २०१५च्या या चित्रपटाच्या निर्मात्यांत आईस क्यूब आणि डॉक्टर ड्रे हे दोघे चरित्रनायक स्वतः आहेत. क्यूबची भूमिका त्याच्याच मुलाने केली आहे. गटातल्या, निधन पावलेल्या ईझी-ईच्या पत्नीही निर्मात्यांत आहेत. स्थळाची माहिती मुलाकडच्यांनीच लिहून पाठवावी, तितकीच ही कहाणी विश्वासार्ह!

१९९१मध्ये ड्रेने डी बार्न्स या टीव्ही सूत्रसंचालिकेला एका पार्टीत मारहाण केली होती. प्रकरण कोर्टात गेलं, ड्रेने आरोपाला आव्हान दिलं नाही. चित्रपटात मात्र ती पार्टीच झालेली नाही. बार्न्स यांनी हे जाहीरपणे लिहिलं, टीका वाढली, तेव्हा ड्रेने आपण दुखावलेल्या स्त्रियांची माफी मागितली. वर्तमानपत्रातून. तोवर चित्रपट थिएटरात धो धो चालत होता.

चाहत्याकडे याचंही उत्तर आहे : अडीच तासांत काय काय बसवणार? खरंय. पोलिसांचा जाच बसला, दौरे बसले, हॉटेलातल्या पार्ट्या तर ऐसपैस बसल्या. गटाचे मॅनेजर जेरी हेलर यांचा लबाडपणासुद्धा सविस्तर बसला. ते चिडून कोर्टात गेले. बिचारे निर्मात्यांत नव्हते.