सात नंबरचं चॅनल कुणाचं?

अगं थांब, आत जाऊ नकोस. हा कढीपत्ता घे आधी. मला आता कुंपणावरून वाकवत नाही, तूच हात वर कर. हां. आणि तुझी कुंडी डिसेंबरात घरात घ्यायला विसरू नकोस हो. ऑस्टिनला थंडी नसते म्हणतात, पण एक रात्र गोठली की झाड गेलंच.

काल सासूबाईंना घेऊन ब्लूबॉनेटमध्ये फोटो काढायला गेला होतात ना? पाहिले मी व्हॉट्सॲपवर. निळ्या फुलांत ती काठापदराची साडी, काय खुलून दिसत होत्या! हायवेच्या कडेच्या या रानफुलांसाठी कोण झटलं, सांगितलंस का त्यांना? लेडी बर्ड जॉन्सन. प्रेसिडेंट जॉन्सनची बायको. गावातल्या तळ्याला नाव आहे ना, तीच. सासूबाईंना जॉन्सन आठवत असेल बघ. सहासष्टच्या दुष्काळात आपल्याकडे अमेरिकेचा गहू यायचा, तो हाच हात आखडून सोडत होता, इंदिराबाईंना ताटकळत ठेवून.

तर बाई फुलांची खरी, पण घरातला पैसा आला रेडिओ-टीव्हीतून. काय सांगतेस, माहीत नव्हतं? अगं, आपल्या टीव्हीवरचं सात नंबरचं चॅनल, ते तिने सुरू केलेलं!

बस त्या खुर्चीवर, सांगते. हिचं खरं नाव क्लॉडिया टेलर. जन्म १९१२ चा, टेक्ससमधल्या कार्नॅकचा. लहानपणी सांभाळणाऱ्या बाईने कौतुकाने लेडी बर्ड म्हटलं, तो काळ्या ठिपक्यांचा लाल किडा असतो ना, तेच नाव जन्मभर चिकटलं. पाच वर्षांची असताना आई गेली. वडील दुकानदार आणि जमीनवाले, पैसा बक्कळ. पोरगी शिकली, दोन पदव्या घेतल्या, त्यातली एक पत्रकारितेची. आणि १९३४ मध्ये हा उंचापुरा, तोंडाळ लिंडन जॉन्सन भेटला. पहिल्याच भेटीत लग्नाचं विचारलं! अडीच महिन्यांत लग्न. चर्चमध्ये पोचल्यावर लक्षात आलं, अंगठीच नाही. मित्र धावत सीअर्सच्या दुकानात गेला आणि अडीच डॉलरची घेऊन आला. हसतेस काय, खरंच.

१९३७ मध्ये नवऱ्याने काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, निवडणूक लढवली, तेव्हा हिने आपल्या वारशातले १० हजार डॉलर काढून दिले. युद्धात तो नौदलात गेला तर त्याचं वॉशिंग्टनचं ऑफिसही हिनेच सांभाळलं. तिथे तिला कळलं असणार, आपल्यालाही जमतं की!

मग १९४३ मध्ये हिने ऑस्टिनचं केटीबीसी नावाचं रेडिओ स्टेशन घेतलं. साडेसतरा हजार डॉलरला. आईकडून आलेला पैसा. स्टेशन कसलं, नुसती कर्जाची खाण! ताकद २५० वॅट, त्यात परवाना फक्त दिवसाचा. रात्री मीडियम वेव्ह लांब लांब पळते आणि दुसऱ्यांच्या स्टेशनात घुसते, म्हणून दिवस मावळला की गप्प बसायचं. वर ती जागाही एकट्याची नाही, दुसऱ्या एका कॉलेजच्या स्टेशनबरोबर वाटून घेतलेली. म्हणजे भाड्याच्या खोलीत पुन्हा पोटभाडेकरू!

ही वॉशिंग्टन सोडून महिनोनमहिने इथे येऊन राहिली. पहिलं काम काय केलं असेल? बादली आणि पोछा आणला आणि फरशा घासल्या. खिडक्या पुसल्या. मग वह्या उघडल्या. कुणाकडे किती थकलंय, कुणाची जाहिरात फुकट चाललीय, सगळं स्वतः तपासलं. त्या ऑगस्टात पहिला नफा झाला. किती, सांग बरं? अठरा डॉलर.

इथपर्यंत आपली बाई एकदम शाबास. पुढचं जरा हळू बोलते.

नवरा काँग्रेसमध्ये. रेडिओचे परवाने देणारं सरकारी कमिशन वॉशिंग्टनमध्ये. आणि परवाना बायकोच्या नावावर! आपल्याकडे पुढाऱ्याच्या बायकोच्या नावावर पेट्रोल पंप निघतो ना, तसंच वाटतं की नाही? त्याच वर्षी केटीबीसीला ५९० वर नवी जागा मिळाली, ताकद १००० वॅट झाली आणि रात्रंदिवस वाजायला परवानगी. खालच्या आकड्यावर आवाज लांबवर पोचतो, म्हणजे सोन्याची जागा. मग सीबीएस नेटवर्कशी जोडून घ्यायला जॉन्सन स्वतः न्यूयॉर्कला जाऊन त्यांच्या प्रमुखांना, विल्यम पेलींना, भेटला. सीबीएस मिळालं म्हणजे देशभरातले मोठे कार्यक्रम तुमच्या गावात, आणि मध्ये तुमच्या जाहिराती. पुढे दोन वर्षांत ताकद ५००० वॅट. जॉन्सन मात्र कायम म्हणायचा, स्टेशन बायकोचं, माझा काही संबंध नाही. रॉबर्ट कॅरो म्हणून लेखक आहेत, त्यांनी जॉन्सनवर जाडजूड ग्रंथ लिहिलेत. ते म्हणतात, संबंध होता आणि चांगलाच होता.

मला विचारशील तर? अगं, दोन्ही खरं. त्याची सावली नसती तर ५९० मिळालं नसतं. आणि हिने वह्या तपासल्या नसत्या तर त्या ५९०चीही वाट लागली असती. सावलीत उभी राहिलेली किती स्टेशनं बुडाली असतील!

खरी गंमत टीव्हीची. युद्धानंतर इथे टीव्हीच्या परवान्यांवर बंदी घातली होती, १९४८ ते १९५२. कुठल्या गावाला कुठलं चॅनल, याचं गणित जमत नव्हतं म्हणून. बंदी उठली तेव्हा ऑस्टिनच्या वाट्याला नेहमीच्या टीव्हीवर दिसेल असं एकच चॅनल आलं, सात नंबरचं. बाकीची यूएचएफची, आणि ती त्या वेळच्या बहुतेक टीव्हींवर दिसतच नसत. सात नंबरसाठी अर्ज करणारी एकटी कोण? बरोबर! दुसरा कोणी पुढेच आला नाही. १९५२ च्या थँक्सगिव्हिंगला चॅनल सुरू झालं, फुटबॉलच्या मॅचने. नवरा तोवर सिनेटर. तोही ८७ मतांनी निवडून आलेला, पण ते रामायण वेगळं.

त्यानंतर १९६५ पर्यंत ऑस्टिनमध्ये हे एकच व्यापारी टीव्ही स्टेशन! तिन्ही नेटवर्कांचे कार्यक्रम यांच्याकडे, कुठला दाखवायचा ते हेच ठरवणार. गावातल्या दुकानदाराला टीव्हीवर जाहिरात करायची तर यांचंच दार. आपल्याकडे दूरदर्शन एकटं होतं, पण ते सरकारी तरी होतं गं! इथे एका घरचं.

आणि जाहिरातीचं एक प्रकरण तर सिनेटच्या समितीपर्यंत गेलं. डॉन रेनॉल्ड्स नावाचा विमा एजंट. त्याने जॉन्सनचा विमा उतरवला, तर म्हणे बदल्यात जॉन्सनच्या स्टेशनवर जाहिरातीची वेळ विकत घ्यावी लागली, शिवाय स्टिरिओ भेट द्यावा लागला. मेरीलंडचा एजंट, ऑस्टिनात जाहिरात करून त्याला कोण गिऱ्हाईक मिळणार? हे तो वॉशिंग्टनमध्ये बंद दाराआड सांगत होता, आणि तारीख कुठली माहितेय? २२ नोव्हेंबर १९६३. त्याच दुपारी डॅलसला प्रेसिडेंट केनेडींना गोळी लागली आणि ज्याच्याबद्दल हा बोलत होता तो, तेव्हाचा व्हाइस प्रेसिडेंट, प्रेसिडेंट झाला. अंगावर काटा आला ना? मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा आला होता.

मग प्रेसिडेंटच्या घरचं स्टेशन म्हणून कारभार ट्रस्टकडे दिला. ट्रस्टी ओळखीतलेच. जॉन्सन त्यांच्याशी फोनवर धंद्याचं बोलायचा, असं कॅरो लिहितात. आता मासा कधी पाणी सोडेल का? वॉल स्ट्रीट जर्नलच्या लुई कोलमायर यांनी या घरचा पैसा कसा वाढला ते खणून काढलं, त्यांना १९६५ चं पुलित्झर मिळालं.

त्याच वर्षी बाईने काय करावं? रस्त्याकडेचे जाहिरातींचे मोठमोठे फलक हटवायचा कायदा करून घेतला! सगळे त्याला लेडी बर्डचा कायदा म्हणायचे. माझ्या मनात नेहमी येतं, रस्त्यावरची जाहिरात नकोशी, टीव्हीवरची हवीशी. आमच्या ह्यांना हे सांगितलं तर म्हणतात, तुझी जीभ कात्रीसारखी आहे. असेल.

१९७३ च्या जानेवारीत जॉन्सन गेला. त्याच वर्षी सात नंबरचं चॅनल टाइम्स मिरर कंपनीला विकलं, ९० लाख डॉलरला. साडेसतरा हजारावरून, हिशेब कर तूच. रेडिओ मात्र घरात ठेवला आणि त्याचं नाव केटीबीसीचं केएलबीजे केलं. आता तू म्हणशील, शेवटी नवऱ्याचंच नाव आलं ना, लिंडन बेन्स जॉन्सन? मीही तेच म्हणायचे. मग एकदा गाडीत ऐकताना लक्षात आलं, लेडी बर्ड जॉन्सनचीही अक्षरं तीच!

बरं, पळ आता, तुझा कढीपत्ता उन्हात मलूल होतोय.