मुख्याध्यापकांशी भांडण : शास्त्रोक्त पद्धत

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. जुलै सरायच्या आत पालकांचे मुख्याध्यापकांशी पहिले भांडण उभे राहायला हवे. राहिले नाही, तर त्या शाळेतल्या पालकांची प्रकृती दाखवून घ्यावी. विषयांना तोटा नसतो. फी आहे, बस आहे, बुटांचा रंग आहे, डब्यात काय चालेल याची सूचना आहे. कठीण असते ते भांडण वर्षभर तेवत ठेवणे. कित्येक चांगली भांडणे दिवाळीच्या आत मिटतात आणि त्यामागे बहुधा एकच कारण सापडते : कोणीतरी नियम वाचलेला असतो. ही आपत्ती कशी टाळावी, याचे मार्गदर्शन इथे केले आहे.

सुरुवात गटबांधणीपासून. वर्गाचे व्हॉट्सअॅप गट दोन असावेत. पहिल्यात वर्गशिक्षिका असतात. तिथे 'थँक यू मॅम', जोडलेले हात आणि शिक्षकदिनाच्या केकचा फोटो यांपलीकडे काही टाकू नये. दुसऱ्या गटात त्या नसतात आणि खरे काम तिथे चालते. रात्री साडेदहाला, मुले झोपल्यावर, कोणाची तरी आई लिहिते, 'आज पुन्हा बस लेट. कुणी बोलणार आहे का?' लगेच 'आमच्याकडे पण', 'मागच्या वर्षीही हेच', 'एवढी फी घेतात ना पण?' अशी रांग लागते. अकराच्या सुमाराला कोणाचे तरी बाबा मोबाइलच्या दोन पडद्यांएवढा मजकूर टाकतात. त्यात एकजूट, स्वाभिमान आणि मीडिया हे तीन शब्द असतातच. खाली अंगठ्यांचा खच पडतो. 'सकाळी साडेसातला सगळे गेटवर' असे ठरते. सकाळी गेटवर दोघे असतात आणि त्यातला एक मुलीचा घरी राहिलेला डबा द्यायला आलेला असतो.

हे अपयश समजू नये. भांडण टिकण्यासाठी एवढीच हजेरी योग्य. दोघांपेक्षा जास्त पालक आले, तर भेट मिळण्याचा धोका असतो.

तरीही भेट मिळालीच, तर काही पथ्ये पाळावीत. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर लाकडी बाक असतो, समोर ढाली-करंडकांचे काचेचे कपाट आणि मध्ये शिपाईमामा, जे 'मॅडम राउंडवर आहेत' एवढेच सांगतात. बाकावर बसल्या बसल्या पालकाने स्वतःच्या शाळेतले हेडसर आठवू नयेत; निम्मा जोर तिथेच जातो. आत गेल्यावर मॅडम पाणी विचारतात, सगळे ऐकून घेतात आणि म्हणतात, 'तुमचं म्हणणं मी मॅनेजमेंटपर्यंत पोचवते.' हे वाक्य खरे असते आणि निरुपयोगीही. फी ठरवणारे संस्थाचालक या इमारतीत सहसा नसतात. मॅडमची खुर्ची ही दोन्ही बाजूंचा मार अडवण्यासाठीच मांडलेली असते. मग त्या दुसरे वाक्य टाकतात, 'असं करा, लेखी द्या.' इथे सावध राहावे. लेखी दिले की आवक नोंदवहीत क्रमांक पडतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागता येते. पुढे तीच प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. एवढे झाले की तक्रारीचे प्रकरण होते आणि प्रकरणाला शेवट असतो. भांडणाची खरी गोडी तोंडीच.

आता मुख्य धोक्याकडे, म्हणजे कायद्याकडे वळायला हवे. महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्क विनियमनाचा 2011 चा अधिनियम आहे. त्यातल्या तरतुदी भांडखोर पालकाच्या मुळावर येणाऱ्या आहेत. शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत शाळेने शिक्षक-पालक संघ स्थापन करायचा आणि प्रत्येक पालक त्याचा आपोआप सभासद. कार्यकारी समिती ना मॅडमच्या मर्जीने, ना निवडणुकीने. ती सोडतीने निवडायची. अध्यक्षपद मुख्याध्यापकांकडे, उपाध्यक्ष मात्र पालकांमधून. संस्थेला फी वाढवायची असेल, तर नवे वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी प्रस्ताव या समितीपुढे ठेवायचा आणि समितीने 30 दिवसांत निर्णय द्यायचा. एकदा मंजूर झालेली फी दोन वर्षांसाठी बांधलेली. संस्थेने मागितलेली फी आणि समितीने मान्य केलेली फी यांत 15 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर संस्थेला विभागीय शुल्क नियामक समितीकडे दाद मागता येते. 2018 च्या दुरुस्तीने पालकांनाही तिथे जाण्याची वाट मिळाली, पण निदान 25 टक्के पालक एकत्र हवेत.

या 25 टक्क्यांचा मोठाच आधार आहे. चाळीस मुलांच्या एका तुकडीपुरता हिशेब केला, तरी दहा सह्या लागतात. अंगठे सत्तावीस आणि सह्या तीन, हे प्रमाण पाळणारा गट या तरतुदीपासून कायम सुरक्षित राहतो.

एक सूचना वेळापत्रकाची. फीचे भांडण जूनमध्येच काढावे. प्रस्ताव आदल्या हिवाळ्यात समितीसमोर येऊन मंजूर झालेला असतो आणि पालकांच्या प्रतिनिधींनी त्यावर सहीही केलेली असते. तेव्हा कुठे होता, असे मॅडमनी विचारले, तर 'आम्हाला कुणी कळवलंच नाही' असे म्हणावे. सूचनाफलकावरचा कागद वाचला नव्हता, हे सांगायची गरज नाही.

कोरोनाकाळाचे उदाहरण मात्र पालक-गटात काढू नये. त्यातून चुकीचा धडा मिळतो. मे 2020 मध्ये राज्य सरकारने त्या वर्षी फीवाढ करू नये, असा निर्णय काढला. संस्था उच्च न्यायालयात गेल्या आणि जूनमध्ये त्याला स्थगिती मिळाली. पुढच्या वर्षी राजस्थानातल्या शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 15 टक्के सवलतीचा निकाल दिला आणि ऑगस्ट 2021 मध्ये महाराष्ट्रानेही 15 टक्के फीकपातीचा शासन निर्णय काढला. म्हणजे मॅडमच्या दारात घोषणा चालू असताना फीचा निकाल मुंबई-दिल्लीत लागत होता.

बसच्या भांडणातही असाच पेच आहे. स्कूल बसचे राज्याचे नियम 2011 चेच. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक, सोबत पालकांचा प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओची माणसे. आपल्या शाळेतली ही समिती शेवटची कधी बसली, असा प्रश्न कोणी विचारू नये. विचारला, तर बैठक लावावी लागते. त्यापेक्षा ड्रायव्हरकाकांना रस्त्यात गाठून सुनावणे बरे. ते उत्तर देत नाहीत आणि बस उद्याही उशिराच येते.

मागणी मान्य झाली, तर काय करावे, हेही शिकून ठेवलेले बरे. सकाळी सातच्या शाळेने लहान मुलांची झोप होत नाही, ही तक्रार किती तरी जुनी. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय काढला. लगेच दोन सत्रांत भरणाऱ्या शाळा म्हणाल्या, वर्गखोल्या आणायच्या कुठून? बसवाले म्हणाले, नऊ वाजता ट्रॅफिक. आणि पालक म्हणाले, मग आम्ही ऑफिसला निघायचं कधी? अशा वेळी नवी मागणी तयार हवी.

मुलांना या सगळ्यापासून लांब ठेवावे. 2016 च्या ऑगस्टमध्ये चंद्रपुरात सातवीतल्या दोन मुलांनी थेट पत्रकार परिषद घेतली. आमच्या दप्तराचे वजन पाच ते सात किलो, वर्ग तिसऱ्या मजल्यावर, मुख्याध्यापकांना सांगून झाले, काही हालत नाही, असे त्यांनी पत्रकारांपुढे शांतपणे मांडले. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, हा शासन निर्णय त्याआधी वर्षभर, जुलै 2015 मध्ये निघालाच होता. तीस किलोच्या मुलाला तीन किलो, इतका सोपा हिशेब. मोठ्यांना वर्षानुवर्षे पुरला असता असा विषय दोन मुलांनी एका दुपारी देशभर नेला. त्यांच्याकडे व्हॉट्सअॅप गट नव्हता, हे उघड आहे.

जिल्हा परिषदेच्या शाळेत यातले काहीच लागू पडत नाही. तिथे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असते. त्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला. अध्यक्ष पालक आणि गुरुजी सचिव, म्हणजे इतिवृत्त लिहिणारे! खुर्च्यांची ही अदलाबदल शहरी पालकाला पटणे अवघड. शिवाय तिथले भांडण बहुधा उलट्या दिशेचे असते : गुरुजींची बदली रद्द करा, रिकामी जागा भरा. गावकरी शाळेला कुलूप लावतात, पोरांना दप्तरांसकट टेम्पोत घालून जिल्हा परिषदेच्या आवारात वर्ग भरवतात आणि गुरुजी, शासकीय कर्मचारी म्हणून, जरा लांब उभे राहून मनातून गावकऱ्यांच्या बाजूने असतात.

एका बाबतीत मात्र हे मार्गदर्शन मिटून ठेवावे. मुलावर हात उचलला गेला किंवा लैंगिक छळाचा संशय आला, तर ना गट, ना शिष्टमंडळ, ना मॅनेजमेंटच्या बैठकीची वाट. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 बंदी घालते. लैंगिक गुन्ह्याची माहिती असून ती पोलिसांपासून लपवणे हा 2012 च्या पोक्सो कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे, मुख्याध्यापकांसाठीही. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक दुसऱ्या गटात कायमचा पिन करून ठेवावा.

बाकी सगळे पूर्ववत चालू द्यावे. सोडतीच्या शनिवारी मात्र शाळेत फिरकू नये. जे फिरकतात त्यांचे काय होते, ते कुठल्याही शाळेच्या सभागृहात पाहता येते. पहिल्या चिठ्ठीवर नेमके त्या अकरा वाजताच्या बाबांचे नाव निघते. टाळ्या पडतात. बाबा उठून म्हणतात, 'मॅडम, मला नाही जमणार हो, महिन्यातून पंधरा दिवस टूरवर असतो.' दुसऱ्या चिठ्ठीचे पालक आलेलेच नसतात. तिसरी उघडेपर्यंत मागच्या दोन रांगा जिन्यात पोचलेल्या असतात. शेवटी मॅडम जी नावे तयार होतील ती घेतात, सह्या होतात, चहा येतो. त्या रात्री दुसऱ्या गटावर पहिला संदेश पडतो : 'कमिटीत सगळी मॅडमचीच माणसं कशी काय?' खाली अंगठे, अर्थात.