ब्रूनोची खाज आणि वहिनींचा गालिचा

अहो, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या वहिनींच्या ब्रूनोचं एकदाचं निदान झालं! शेपटीच्या बुडाशी चावून चावून सोलून काढलं होतं हो त्यानं स्वतःला. आणि सल्ले तरी किती! नाना म्हणाले, चिकनची उष्णता. समोरच्या ताई म्हणाल्या, फरशीचं फिनेल. वहिनींनी लगेच चिकन तोडलं, दहीभात सुरू केला, वर स्वतःचा महागातला शाम्पू चोळला. माणसाचा शाम्पू कुत्र्याच्या कातडीला मानवतो का कधी? आणखीच कोरडी पडली.

बरं, काही कुत्र्यांना दूधदुभत्याचीसुद्धा ॲलर्जी असते, म्हणजे दहीभातानं काय कळणार कप्पाळ! चिकन बाधतंय का ते बघायचं, तर डॉक्टर ठरवून देतील तेच खाणं निदान आठ आठवडे. मध्ये बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. त्या घरात हे जमणार? सासरे टेबलाखालून तूप लावलेली पोळी सरकवतात, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे...

तर काय सांगत होते, डॉक्टरांनी बारीक दातांची फणी फिरवली. काळे काळे कण पडले. वहिनी म्हणाल्या, "माती असेल, बागेत लोळतो." डॉक्टरांनी गुपचूप ते ओल्या कापसावर ठेवले, तर तांबडा डाग पसरला! म्हणे ही पिसवांची विष्ठा, प्यायलेलं रक्त उतरतं त्यातून.

"पिसवा? आमच्याकडे?" वहिनींचा आवाज पार बाहेरच्या बाकापर्यंत आला. मी तिथंच होते ना, आमच्या मन्याचं इंजेक्शन होतं. "अहो, एक दिसत नाही अंगावर!" डॉक्टर शांत. म्हणाले, ॲलर्जी पिसवेच्या लाळेची असते, दोन-चार चावे पुरतात. आणि अंगावर असतात त्या शेकडा पाच, बाकीची अंडी, अळ्या, कोष सगळं घरात. मग हळूच विचारलं, "गालिचा आहे का घरी?"

काय चेहरा उतरला हो! तोच तो काश्मिरी गालिचा, हळदीकुंकवाला आपल्याला पाय पुसून चढायला लावतात तो.

आता रोज व्हॅक्यूम, ब्रूनोचं अंथरूण गरम पाण्यात, आणि पिसवांचं औषध दर महिन्याला. कोष महिनोन्‌महिने दबा धरून बसतात, म्हणून मध्येच थांबायचं नाही. खाजवून जखमा चिघळल्या, त्याच्या गोळ्या वेगळ्याच. नानांना हे पटलं नाही. "मग पंजे का चाटतो सारखा?" म्हणे. तसा प्रश्न चुकीचा नाही हं, धुळीची नाहीतर परागकणांची ॲलर्जी असली की पंजे, कान, पोट असंच खाजतं. डॉक्टरांचं म्हणणं, आधी पिसवा संपवू, मग उरेल ते बघू.

पण खरी गंमत पुढेच. घरातल्या सगळ्या जनावरांना औषध द्यायचं, एवढंच वहिनींनी ऐकलं आणि ब्रूनोचीच बाटली घेऊन सासूबाईंच्या मांजरीमागे धावल्या! त्यात परमेथ्रिन. कुत्र्याला चालतं, मांजरीला विष. झटके येतात, जीवसुद्धा जातो. नशीब, नातवानं लेबल वाचलं. सासूबाई तेव्हापासून मांजर पदराखाली घेऊन बसल्यात, आणि वहिनींशी बोलणं फक्त नातवामार्फत.