सातबारा भागिले

भाचीनं मला पायथन शिकवायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी मुद्दाम सात, तिरकी रेघ, बारा असं टाइप करायला लावलं. एंटर दाबताच उत्तर आलं: शून्य दशांश पाच आठ, पुढे तीनांची रांग, शेवटी एक चार. "मामा, अवतरणचिन्हं नाहीत ना, म्हणून त्यानं भागाकार केला," ती म्हणाली. खंडाळ्यात सातबाऱ्याची वाटणी म्हणजे तीन पिढ्या, दोन वकील आणि भावकीत अबोला. इथं डोळ्याचं पातं लवायच्या आत!

तेव्हा पहिला धडा: आकडा वेगळा, मजकूर वेगळा. ज्याची बेरीज करून काही निष्पन्न होत नाही, ते अवतरणात. गट नंबर, पिनकोड, मोबाईल नंबर हे सगळे आकड्यांच्या वेशातले मजकूर. एसटीचं भाडं तेवढं खरा आकडा. अवतरणातल्या पाचात अवतरणातले पाच मिळवले तर पंचावन्न होतात. आमच्याकडच्या काही हिशेबनिसांना ही बेरीज फार आधीपासून येते.

मग मी विचारलं, "खंडाळा"ची लांबी किती? बालवाडीतलं पोर तीन अक्षरं सांगेल. पायथन म्हणालं सहा: ख, अनुस्वार, ड, काना, ळ, काना. उलटं छापायला लावलं तर पहिला कानाच बाहेर पडतो, टेकायला अक्षर नसलेला. हे खंबाटकीच्या पायथ्याचं खंडाळा की लोणावळ्याजवळचं, याच्याशी मात्र त्याला देणंघेणं नाही. दोन्ही समसमान, म्हणतं.

मराठीचं त्याला वावडं नाही. चलाला "क्षेत्र" नाव दिलेलं चालतं. अवतरणातला "१२" आकड्यात बदलून मागितला तर निमूट बारा देतं. पण तोच १२ उघडा लिहिला की 'सिंटॅक्स एरर'! सरकारी खिडकीवर काढलेल्या दिवसांमुळे मला यात नवल वाटलं नाही.

राहिला हो-नाहीचा प्रकार, बूलियन. लग्नाला येणार का विचारल्यावर आमच्या तालुक्यात उत्तर येतं, "बघू की." त्यासाठी पायथनमध्ये 'नन' आहे: उत्तरच नाही. अट तपासताना पायथन त्याला 'नाही'च्या बाजूला बसवतं. आमच्याकडं मात्र बघू म्हणणारे पहिल्या पंगतीला असतात, घरच्यांसकट. तेव्हा पाहुणे मोजायचा प्रोग्राम लिहाल तर भात जास्तीचा टाका.