बिनवासाचं

घरात बाळ आलं की पहिला वाद नावावरून होतो, असा लोकांचा समज आहे. नाव बाराव्या दिवशी ठेवायचं असतं. दुपटी पहिल्या दिवसापासून धुवावी लागतात. त्यामुळे पहिला वाद साबणावरून होतो. आमच्याकडे तीन पक्ष होते. सूनबाईंचं म्हणणं, बाळासाठी वेगळं, सौम्य, लिक्विड डिटर्जंट हवं. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, रिठा. चिरंजीवांचं म्हणणं, "तुम्ही ठरवाल ते", म्हणजे बाहेरून पाठिंबा. आणि मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं असल्यामुळे दुकानात जायची शिक्षा मला झाली.

दुकानात लहान मुलांच्या सामानाची वेगळी फळी असते आणि तिथे गेल्यावर माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. बाटल्यांवर ढग, अस्वल, गाढ झोपलेलं बाळ. आमच्या घरातलं बाळ असं कधीच झोपत नाही, तो भाग वेगळा. प्रत्येक बाटलीवर 'सौम्य' लिहिलेलं होतं. 'त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले' असंही होतं. तपासल्यावर त्यांना काय आढळलं, ते मात्र नव्हतं. मी पस्तीस-चाळीस मुलांच्या वह्या रोज तपासायचो. तपासली म्हणजे वही बरोबर निघाली, असं कुठे असतं?

बाटली उलटी करून घटक वाचू लागलो. एका जागी नुसतं 'परफ्यूम' लिहिलं होतं. या एका शब्दात डझनावारी द्रव्यं मावतात, आणि कपड्यांच्या साबणाने त्वचेला त्रास झालाच तर संशयितांच्या यादीत सुगंधाचं नाव वर असतं. मोठ्या माणसांच्या पावडरीत वास असतो तो आपण काल काय खाल्लं, कुठे घामेजलो हे झाकायला. नुकत्या जन्मलेल्या बाळाला काय झाकायचंय? जे झाकण्यासारखं आहे ते लॅव्हेंडरला झाकत नाही, याची ग्वाही कोणतीही आजी देईल.

रिठ्याचा पक्ष वाटतो तितका भाबडा नाही. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं, त्याचा खरोखर फेस होतो. पैठण्या, शालू रिठ्याने धुतात, सोनार दागिने उजळतात. "तुमच्या मुलाचे लंगोट मी काय अस्वलाच्या बाटलीने धुतले होते?" असा बिनतोड सवाल आमच्याकडे आला. ते लंगोट पिवळ्या वडीने, धोपटण्याने बडवून धुतले जायचे आणि रिठा सौभाग्यवतींच्या माहेरी होता, हे मला पक्कं आठवत होतं. काही सत्यं बोलायची नसतात. पण शालूला रोज खोबरेल तेलाने मालीश होत नाही आणि शालू दूधही टाकत नाही. तेल आणि फाटलेलं दूध एकत्र आलं की रिठा हात जोडतो.

तिथे एन्झाइम लागतात. 1913 च्या सुमारास ओटो ऱ्योम या जर्मन रसायनतज्ज्ञाने जनावरांच्या स्वादुपिंडातलं पाचक द्रव्य कपडे धुण्याच्या कामाला लावलं. आज ती एन्झाइम सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात, पण काम तेच. म्हणजे बाळाला न पचलेलं दूध डिटर्जंट पचवतं. हे मी जेवताना समजावून सांगितलं आणि सूनबाईंनी ताट बाजूला सारलं.

मला खरा राग आहे तो पांढरेपणाचा. पावडरीत एक द्रव्य असतं, ते डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषतं आणि निळसर प्रकाश बाहेर टाकतं. कापड त्यामुळे शुभ्र भासतं. मळ निघाला म्हणून नव्हे, वर काहीतरी चढलं म्हणून! जुन्या निळीचाच हा नवा अवतार. हे द्रव्य धुण्यात वाहून जायला नव्हे, कापडावर टिकायलाच बनवलेलं असतं. कापड मऊ करणाऱ्या कंडिशनरचीही तीच गत: तो धाग्यावर थर चढवतो, मग टॉवेल पाणी नीट टिपत नाही. पाणी न टिपणारा लंगोट कोणाच्या उपयोगाचा, ते विचारवंतांनी ठरवावं.

दरम्यान एक घटना घडली. ओटी भरायला आलेल्या कुणाच्या तरी बोटांची हळद दुपट्याला लागली. सौभाग्यवतींनी ते साबणाच्या पाण्यात टाकलं आणि ओरडल्या, "अहो, रक्त!" धावत गेलो. दुपट्यावर लालभडक डाग. मला इतका आनंद झाला की तो लपवता आला नाही. हळद हा दर्शक आहे. अल्कली लागली की पिवळ्याची लाल होते. हा प्रयोग मी इतकी वर्षं वर्गात करून दाखवला, पण इतका लक्षपूर्वक कुणी पाहिला नव्हता. दुपटं साध्या पाण्यात खळबळत गेलो तसा डाग पुन्हा पिवळा झाला. मग उन्हात टाकल्यावर दोन-तीन दिवसांत उडाला. पहिल्या पाण्यातून काढलं तेव्हा दुपटं स्वच्छ दिसत होतं, पण डाग लालसरच होता. म्हणजे साबण अजून कापडात होता. हळदीने चहाडी केली.

त्यामुळे माझं मत असं झालं की सौम्यपणा बाटलीत थोडा आणि खळबळण्यात जास्त असतो. नवजात बाळाच्या त्वचेचा वरचा थर पातळ असतो, तिचं आम्लतेचं कवच पहिल्या काही आठवड्यांत हळूहळू तयार होत जातं. धुण्याची पावडर मात्र चांगलीच अल्कधर्मी. ती वाहून गेली तर भांडण नाही. टोपण भरून ओतायची आपल्याला सवय असते, वर 'बाळाचे आहेत' म्हणून थोडं आणखी. ओतावं कमी, खळबळावं एकदा जास्त. मशीनमध्ये त्यासाठी जादा बटण असतं; आमच्या मशीनवर ते इतकी वर्षं बिचारं कोरं राहिलं होतं.

एक गोष्ट मात्र साबणाच्या आधीची. चिरंजीवांची जुनी झबली-टोपडी ट्रंकेतून निघाली तेव्हा डांबरगोळ्यांचा वास घरभर झाला. त्या बाबतीत मी हट्टी झालो. काही बाळांच्या रक्तात जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळ्यांतल्या नॅफ्थलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ बळावते. कुठल्या बाळाला ते कमी आहे, हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. माझ्या मते ती झबली आठवण म्हणून बघावीत, घालू नयेत.

शेवटी बिनवासाचं, चमक न आणणारं एक साधं लिक्विड आणलं. बाळाच्या कपड्यांची वेगळी बादलीही झाली. चार दिवसांनी सूनबाई म्हणाल्या, "बाबा, पण तो दिवसभर असतो तुमच्या खांद्यावर. तुमचा सदरा कशाने धुतलाय?" तो दिवसभर माझ्या सदऱ्यात, आजीच्या पदरात, आईच्या गाऊनमध्ये नाक खुपसून असतो, स्वतःचं झबलं बिचाऱ्याच्या वाट्याला येतं ते ओलं करण्यापुरतं. तेव्हापासून सगळ्या घराचं धुणं त्याच लिक्विडने होतं.

विहीणबाई बारशाला आल्या त्या अस्वलाची मोठी बाटली घेऊन. दोन लिटर, लॅव्हेंडर. नको कसं म्हणणार? घरातला एकच कपडा बाळाला लागत नाही, हे सौभाग्यवतींच्या लक्षात आलं. सध्या आमच्या दारातल्या पायपुसण्याला असा काही सुगंध येतो की पोस्टमनही दोनदा पाय पुसतो.