ऑनलाइन दुकान चालवण्याचा शास्त्रोक्त विधी

हे मार्गदर्शन आकाशकंदील करणाऱ्यांसाठी आहे. गोधड्या, लाकडी खेळणी किंवा मेतकूट विकणाऱ्यांनी योग्य ते बदल करून वाचावे. बदल कोणते, ते साइट कळवेलच. बहुधा लागू झाल्यावर.

प्रथम कंदिलाविषयी. कामट्या तासाव्यात, सांगाडा बांधावा, कागद चिकटवावा, झिरमिळ्या लावाव्यात. हे तुम्हाला येतेच, म्हणून त्याला दिवसाचा उरलासुरला वेळ द्यावा. मुख्य वेळ पुढील कामांसाठी राखून ठेवावा.

सकाळी उठल्यावर पहिले दर्शन डॅशबोर्डचे घ्यावे. वरच्या पट्टीवर ‘आपला अनुभव अधिक सुखकर व्हावा म्हणून’ असे शब्द दिसले, की कमिशन वाढले असे समजावे. ‘शुल्करचना सोपी केली आहे’ असे असेल, तर शिपिंगही वाढले. ‘विक्रेत्यांच्या आग्रहास्तव’ असे असेल, तर आधी खाली बसावे, मग वाचावे. शेवटी ‘मान्य’ असे बटण असते. ‘अमान्य’ शोधत बसू नये, सणासुदीचे दिवस आहेत. बटण दाबले नाही तरी बिघडत नाही. विक्री चालू ठेवली म्हणजे संमती दिली, असे करारात कुठेतरी लिहिलेले असते आणि तो करार तुम्ही दुकान उघडतानाच न वाचता स्वीकारलेला असतो. वाचला असतात तरी काय फरक पडला असता म्हणा.

आता वजन. इथे नवशिके हमखास फसतात, म्हणून सावकाश वाचा. कंदिलाचे वजन करायला तराजू घेऊ नये, मोजपट्टी घ्यावी. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची, गुणाकाराला साधारणपणे ५००० ने भागायचे. येईल ते किलो. याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. हे आणि तराजूवरचे, यांत जे जास्त असेल त्यावर आकार लागतो. सर्व बाजूंनी ३० सेंटिमीटरच्या खोक्यातला कंदील या हिशेबाने ५ किलो ४०० ग्रॅम भरतो. तराजूवर तोच पाव किलोलाही पोचत नाही. हौसेने ४० सेंटिमीटरचे खोके घेतलेत, तर १२ किलो ८०० ग्रॅम! असा कंदील घरातल्या लहान मुलाकडून उचलून घ्यावा. पोराची छाती फुगते. माहीमच्या कंदील गल्लीत गिऱ्हाईक कंदील हातात धरून, फिरवून बघते आणि भाव करते. तिथे वजन कुणी विचारत नाही. जुन्या पद्धतीतले असे दोष तुम्हाला ऑनलाइन आढळणार नाहीत.

यावर हुशार मंडळी घडीचा कंदील काढतात. सपाट पाकीट, किंमत आटोक्यात. पण गोदामातले यंत्र ते पाकीट पुन्हा मोजते आणि जरा फुगलेले दिसले की पुढच्या स्लॅबमध्ये ढकलते. याला ‘वजनातील तफावत’ म्हणतात. ही तफावत एकाच दिशेने होते, याबद्दल आश्चर्य व्यक्त करू नये. पाकिटाला मोजपट्टी लावून फोटो पाठवावेत. फोटो अस्पष्ट असल्याचे उत्तर येईल. स्पष्ट पाठवावेत. मुदत संपल्याचे उत्तर येईल. उत्तर देणाऱ्याचे नाव दर वेळी वेगळे असते आणि मजकूर तोच. तेवढ्यावरून माणसे बदलत असल्याची खात्री बाळगावी.

परतीचा मोसम भाऊबीजेनंतर सुरू होतो. वसुबारसेला पोचलेला कंदील पाच-सहा दिवस गॅलरीत लटकून ‘वर्णनाशी जुळत नाही’ या कारणाने परत येतो. झिरमिळ्यांना उदबत्तीचा वास आणि फुलबाजीचे डाग असतील. नुकसानभरपाईसाठी खोके उघडतानाचा अखंड व्हिडिओ लागतो: लेबल वाचता यायला हवे, सहाही बाजू दिसायला हव्यात, मध्ये कट नको. व्हिडिओ काढणाऱ्याचा हात थरथरला, तर दावा बाद. जाण्यायेण्याचे भाडे तुमच्या खात्यातून वजा झालेले दिसेल, तेव्हा शांतपणे चहा घ्यावा.

कराचा भाग त्या मानाने कंटाळवाणा आहे. साइटमार्फत जीएसटीची कपात १ ऑक्टोबर २०१८ पासून एक टक्का होती, ती १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का झाली. छोट्यांना जीएसटी नोंदणीविना ऑनलाइन विकण्याची सवलत १ ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण राज्यातल्या राज्यात. त्या सवलतीवर माहीमचा कंदील नागपूरला जाईल, पणजीला जाणार नाही. सरकारला नावे ठेवण्यात आपण कमी पडत नाही, पण त्याच्या नियमाला निदान तारीख असते, क्रमांक असतो आणि क्वचित दर खालीही येतो.

कुणाला संपाची सुरसुरी येईल. ११ एप्रिल २०२२ ला एट्सी या हस्तकलेच्या वस्तू विकणाऱ्या साइटने व्यवहारशुल्क ५ वरून ६.५ टक्के केले, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकाने बंद ठेवली. बंद ठेवण्यासाठी कंपनीनेच दिलेली ‘सुट्टी’ची सोय वापरावी लागली. शुल्क ६.५ टक्केच राहिले.

तक्रार करायचीच असेल, तर विक्रेता म्हणून करू नये. मेहुण्याला कंदील मागवायला सांगावा आणि त्याच्याकडून तक्रार करवावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात निवारण करावे लागते. पोच नक्की येईल. तक्रार तुमच्याच विरुद्ध असेल, हा भाग वेगळा. त्याच नियमांत विक्रेत्याच्या तक्रारीला मात्र अशी मुदत नाही. युरोपीय संघात जुलै २०२० पासून अटी बदलण्याआधी साइटने विक्रेत्याला किमान १५ दिवस कळवावे लागते, तेही समजेल अशा भाषेत.

तेव्हा थट्टा बाजूला ठेवून एक काम करा. दिल्लीच्या ग्राहक व्यवहार खात्याला आणि आपापल्या खासदाराला पत्र लिहा. मागण्या दोनच असू द्या: बदलाआधी १५ दिवसांची सूचना आणि विक्रेत्याच्या तक्रारीला ठरलेली मुदत. पत्र दिवाळीआधी टाका. नंतर तुम्ही व्हिडिओ काढण्यात असाल.